दोन रेडिओ, चालक एकच
हौशी रेडिओच्या (हॅम) स्पर्धेत दोन रेडिओ वापरणाऱ्याला दोन माणसांच्या गटात टाका, असं अनेकांना वाटतं. पण दोंडाईचात दोन चुलींवर भाकऱ्या करणारी बाई पाहा. एका तव्यावर भाकरी शेकतेय, तोवर ती दुसऱ्यावरची उलटते. हात दोनच, फक्त रिकामे राहत नाहीत.

४८ तासांच्या ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ स्पर्धेतही तसंच. एकट्या चालकाने एका वेळी एकच प्रक्षेपण (संदेश पाठवणं) करायचं. एका रेडिओवर हाक जात असताना दुसऱ्यावर कान लावता येतो, बोलता येत नाही. म्हणून तो एकल गटातच.

दुसऱ्या संचाचा, अँटेनाचा खर्च सर्वांना झेपत नाही, ही तक्रार मात्र रास्त. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी ‘क्लासिक’ ही वेगळी यादी आहे: एकच रेडिओ, बाहेरची मदत नाही, जास्तीत जास्त २४ तास.