शेजारचं तळं

अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांच्या सीमेवर नोत्र दाम विद्यापीठाच्या मालकीचं जंगल आहे. तिथे पीटर आणि पॉल नावाची दोन तळी आहेत. मुळात ते एकच तळं, मध्ये चिंचोळं झालेलं. १९५१ साली आर्थर हॅसलर या प्राणिशास्त्रज्ञाने त्या चिंचोळ्या जागी मातीचा बांध घातला, पीटरच्या पाण्यात चुना टाकला आणि पॉल तसंच सोडून दिलं. झाडपाल्याच्या अर्काने काळपट झालेलं पाणी चुन्याने निवळतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं. त्या चुन्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. बांध मात्र राहिला. सरोवरविज्ञानातली एक सर्वांत चिवट संशोधन-कारकीर्द पुढे त्या बांधाच्या दोन बाजूंना उभी राहिली.

ती कारकीर्द स्टीफन कार्पेंटर यांची. १९५२चा जन्म, १९७९ची विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट. विषय होता बुडीत पाणवनस्पतींचा: मॅडिसन शहरातल्या विन्ग्रा सरोवरात त्या कुजल्या की पाण्यात किती फॉस्फरस सुटतो? म्हणजे मासे हा त्यांचा प्रांतच नव्हता. माशांची जाण होती मॅडिसनच्या जेम्स किचेल यांना. कार्पेंटर नोत्र दाममध्ये शिकवायला लागले आणि ती जंगलातली तळी आपसूक हाताशी आली. सेंट नॉर्बर्ट कॉलेजचे जेम्स हॉजसन तिसरे भिडू. या तिघांनी १९८५ साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचं सार असं की तळ्याच्या पाण्याचा रंग फक्त खालून, खतामुळे ठरत नाही. वरून, शिकारी माशांकडूनही ठरतो.

त्या काळात हे सांगणं सोपं नव्हतं, कारण फॉस्फरसचा मुद्दा नुकताच दणक्यात सिद्ध झाला होता. कॅनडात ओंटारियोच्या जंगलात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एक तळं मधोमध पडदा लावून विभागलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. त्यानंतर साबणातून आणि सांडपाण्यातून फॉस्फरस हटवण्याच्या मागणीला मोठंच बळ मिळालं. ते योग्यच होतं. पण सारख्याच फॉस्फरसची दोन तळी शेजारी असली, तर एक हिरवं आणि एक नितळ का, याचं उत्तर त्यात नव्हतं. चेक शास्त्रज्ञ हर्बाचेक यांनी मत्स्यतळ्यांत आणि ब्रूक्स-डॉडसन यांनी १९६५ मध्ये कनेक्टिकटच्या तळ्यांत एक धागा पकडला होता: प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) खाणारे मासे वाढले की मोठे प्राणिप्लवक नाहीसे होतात. डॅफ्निया हा त्यांतला मुख्य. टाचणीच्या डोक्याएवढा हा जीव दिवसभर पाणी गाळून शैवल खात असतो. डॅफ्निया गेला की शैवलाला मोकळं रान.

मग तळ्यातले मासेच बदलले तर? पीटरमध्ये बास नावाचा शिकारी मासा होता. जवळच्या ट्यूसडे तळ्यात बास नव्हता, नुसते मिनो नावाचे छोटे मासे. १९८५च्या मे महिन्यात ट्यूसडेतले सुमारे ९० टक्के मिनो उचलून पीटरमध्ये आणि पीटरमधले सुमारे ९० टक्के बास ट्यूसडेत टाकले. पॉलमधल्या माशांना कुणी हात लावला नाही. ट्यूसडेत घडलं ते जवळजवळ पुस्तकी होतं. बासने उरलेसुरले मिनो संपवले, बारीक प्राणिप्लवकांची जागा मोठ्या डॅफ्नियाने घेतली, शैवल घटलं.

मला अधिक आवडतो तो पीटरचा भाग, कारण तिथे अंदाज फसला. मिनो डॅफ्निया फस्त करतील आणि पाणी हिरवं होईल, असा हिशेब होता. पण उरलेल्या दहा टक्के बासची दहशत एवढी की मिनो काठाच्या उथळ पाण्यात दडून बसले. खोल पाण्यातल्या डॅफ्नियापर्यंत ते पोचलेच नाहीत आणि हळूहळू त्यांचाच फडशा पडला. मोठे बास कमी झाल्यामुळे त्यांची पिल्लं मात्र भरमसाट जगली. कोण कुणाला खातं याइतकंच कोण कुणाला घाबरतं हेही महत्त्वाचं, हे त्या तळ्याने शिकवलं. काचेच्या बरणीत हे दिसलं नसतं. तिथे दडायला काठ नसतो. १९९६ मध्ये कार्पेंटर यांनी लेखच लिहिला की छोट्या टाक्यांतल्या प्रयोगांवरून अख्ख्या परिसंस्थेबद्दल बोलण्याला मर्यादा आहेत. बरण्यांवर हयात घालवलेल्यांना तो झोंबला असणार.

उलट बाजूची तक्रारही रास्त होती. संख्याशास्त्रज्ञ विचारत: एका तळ्यावर प्रयोग, तुलनेला एकच तळं, याला पुरावा म्हणायचं? त्या वर्षी पाऊस वेगळा पडला असेल, उन्हाळा कडक असेल. इथे पॉल कामाला आलं. तेच जंगल, तोच पाऊस, तोच बर्फ. पॉल आणि पीटर यांच्यातला फरक वर्षानुवर्षं मोजत राहायचं आणि प्रयोगानंतर तो फरक अचानक बदलला का ते पाहायचं. या पद्धतीसाठी कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये स्वतंत्र संख्याशास्त्रीय चाचणी मांडली. माझ्या मते या साऱ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं तळं पीटर नव्हे, पॉल आहे. तिथे माशांच्या बाबतीत काहीच केलं नाही, आणि ते काही न करणं दशकानुदशकं जपलं.

त्या जोरावरच पुढचा प्रश्न विचारता आला: तळं बिघडण्याआधी तसं कळवतं का? २००८ पासून पीटरमध्ये थोडे थोडे बास सोडत नेले. अन्नजाल उलटायला तीन वर्षं लागली. पण पाण्यात ठेवलेल्या यंत्रांच्या नोंदींत शैवलातल्या क्लोरोफिलचे चढउतार त्याच्या वर्षभर आधीच वाढले होते आणि धक्क्यातून सावरायला लागणारा वेळ लांबला होता. पॉलमध्ये तसं काही नव्हतं. यावरचा निबंध २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी कार्पेंटर यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये याच इशाऱ्यांची कसोटी लागली. पीटरमध्ये मुद्दाम खत टाकलं, नील-हरित शैवल फुलण्याची चिन्हं आकड्यांत दिसताच खत थांबवलं, आणि फुलोरा ओसरला.

हे सगळं अडीच हेक्टरांच्या तळ्यात. मॅडिसनचं मेंडोटा सरोवर चार हजार हेक्टरांचं, भोवती शेती आणि गोठे. तिथे १९८७ पासून वॉलाय आणि पाइक हे शिकारी मासे सोडले गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डॅफ्निया खाणारे सिस्को मासे गरमीने मोठ्या प्रमाणात मेले. डॅफ्निया वाढला, पाणी निवळलं. मग २००९ मध्ये काटेरी पाणपिसू हा परका जीव तिथे सापडला. तो डॅफ्नियाच खातो. पाण्याची पारदर्शकता जवळजवळ मीटरभर घटली. २०१६च्या एका अभ्यासात कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: पूर्वीसारखं नितळ पाणी हवं असेल तर सरोवरात येणारा फॉस्फरस ७१ टक्क्यांनी कमी करावा लागेल, आणि त्याचा खर्च ८.६५ कोटी ते १६.३ कोटी डॉलर. एका किड्यापायी.

ट्यूसडेची कृती उचलून आपल्याकडे आणता येणार नाही. उष्ण प्रदेशातल्या जलाशयांत मोठे डॅफ्निया कमी, छोटे मासे वर्षाचा बराच काळ प्रजनन करणारे, आणि आपली चिलापी तर शैवल, बारीक जीव, गाळ असं काहीही खाणारी. उजनी धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं तोवर वरून कितीही मासे सोडले तरी उपयोग नाही. तिथे शिंडलर यांचंच ऐकावं लागेल. पण डासांसाठी नगरपालिका गप्पी आणि गंबुशिया मासे तळ्या-विहिरींत सोडतात तेव्हा ते अळ्यांबरोबर प्राणिप्लवकही खातात, हे कुणी मोजतं का? आणि मोजायचं ठरवलं तर तुलनेला आपल्याकडे पॉल कुठे आहे? गाळ काढलेली, सुशोभित केलेली, बोटी सोडलेली, गणपती विसर्जनाची, मत्स्यबीज टाकलेली तळी भरपूर आहेत. नुसतं राहू दिलेलं आणि तरीही दर महिन्याला नोंदलेलं तळं शोधायलाच लागेल.

पाण्याची पारदर्शकता मोजायला वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी आणि खुणा केलेली दोरी पुरते. सेकी या इटालियन शास्त्रज्ञाची ही युक्ती १८६५ सालची आहे. ज्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवलं जातं, त्याच्याजवळ एखादा पाझर तलाव असतोच. तिथल्या प्राध्यापकांना विनंती एवढीच: दोन तलाव निवडा, त्यांतल्या एकाला कुणी हात लावू नये म्हणून ग्रामपंचायतीशी बोला, आणि वही सुरू करा. आपण निवृत्त झालात तरी ती वही पुढच्या माणसाच्या हाती जाईल एवढं पाहा.