आधी पातळी, मग बिजागरी

खोक्यातून सुट्या भागांत येणारं कपाट पंढरपूरच्या जुन्या घरातही तासा-दोन तासांत उभं राहतं. मग लक्षात येतं, की दारं जुळत नाहीत. एक वर, एक खाली. मधली फट माथ्याला बोटभर, तळाला नाहीच. बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन लगेच बिजागऱ्यांच्या मागे लागतात. खरा दोष मात्र बऱ्याचदा फरशीत असतो.

जुन्या घरांतली शहाबादी फरशी जाडीला कमीजास्त असते. शिवाय धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. ९०० मिलीमीटर रुंद आणि १८०० मिलीमीटर उंच कपाट एका बाजूला अवघं ५ मिलीमीटर खचलं, तर त्याचा माथा १० मिलीमीटर कलतो. सांगाडा तिरका झाला, की दारं सरळ बसणार कशी?

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. सांगाडा आडवा असतानाच, मागची पाठ ठोकण्याआधी, दोन्ही कर्ण टेपने मोजा. वरच्या मापाच्या सांगाड्याचा कर्ण साधारण २०१२ मिलीमीटर भरतो. पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. फरक आला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हळूच दाब द्या आणि माप जुळल्यावरच पाठ ठोका. सांगाड्याला काटकोनात धरून ठेवते ती ही पातळ पाठच. फळ्या जोडणारे गोल लॉक घट्ट झाले की थांबा. जास्त पिळलं तर भुशाच्या बोर्डातलं छिद्र फाटतं आणि पुन्हा पकड येत नाही.

कपाट उभं केल्यावर पाणसळ ठेवून डावी-उजवी आणि मागे-पुढे अशी दोन्हीकडची पातळी पाहा. सहसा जे दार खाली उतरलेलं दिसतं, त्याच बाजूचा पाय उचलावा लागतो. त्यासाठी प्लॅस्टिकची पाचर वापरा. पुठ्ठ्याची घडी फरशी पुसताना पाणी पिते, दबते आणि वरचा बोर्डही फुगवते.

एवढं झाल्यावर बिजागरी. साधारणपणे तिचा दाराकडचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा स्क्रू आत-बाहेर घेतो, आणि पट्टीचे स्क्रू सैल केले की दार वर-खाली होतं. एका वेळी अर्धाच फेरा द्या, दार लावून पाहा, मग पुढचा.

शेवटी कपाट भिंतीला बांधाच. अमेरिकेत मुलांचे जीव गेल्यावर आयकियाने २०१६ मध्ये ड्रॉवरची सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवली होती; भिंतीला न बांधलेलं कपाट पुढे कोसळतं, हा तो धोका. जुनी मातीची भिंत स्क्रू धरेलच असं नाही. तिथे लाकडी खांब किंवा पक्की वीट शोधा.

आषाढीला वारकऱ्यांसाठी खोली मोकळी करायची, तर भरलं कपाट ओढू नका. रिकामं करा, दोघांनी उचला आणि नव्या जागी पातळी पुन्हा तपासून भिंतीला पुन्हा बांधा. जागा बदलली, की फरशीचा उतारही बदलतो.