धाटाची गाडी आणि चित्रकलेचा तास

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही शाळेत चौथीच्या मुलांना ‘आवडेल ते चित्र काढा’ असे सांगून पाहावे. दहा मिनिटांत बहुतेक कागदांवर एकच देखावा उगवतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात किरणांचा सूर्य, तिथून निघून खाली रुंद होत आलेली नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. चित्र काढणारे मूल माळवदाच्या, पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या घरात राहते. त्याच्या गावाची नदी मांजरा असो की मन्याड, फेब्रुवारीनंतर तिच्या पात्रातून पायी जाता येते. नारळ त्याने देवळात फोडलेला पाहिला आहे, झाडावर क्वचितच. तरीही कागद पुढे आला की हात आपोआप हाच देखावा काढतो.

तेच मूल मधल्या सुट्टीत लिंबाखाली काय करते ते पाहिले, तर कोडे वाढते. तिथे वीट ट्रक होते, चपलांच्या जोडीचे दुकान होते, निंबोळ्या पैसे होतात. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा मी पाहिलेल्या एका गल्लीतली मुले ‘टँकर आला’ हा खेळ खेळत होती. रिकाम्या डब्यांची रांग, रांगेतले भांडण, टँकरवाल्याचा तोरा, सगळे हुबेहूब. कल्पनाशक्ती नाही असे या मुलांबद्दल कोण म्हणेल? मग ती अंगणातून कागदापर्यंत येताना कुठे गळते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले होते. मूल काठीवर बसून घोडा पळवते तेव्हा ते एका वस्तूचा अर्थ सोडवून दुसऱ्या वस्तूवर चढवत असते. मात्र कुठलीही वस्तू चालत नाही. काठीवर टांग टाकता येते म्हणून ती घोडा होते, काडेपेटी होत नाही. खेळातल्या कल्पनेला वस्तूच्या गुणधर्माचा असा काच असतो, आणि माझ्या मते निर्मिती तिथेच सुरू होते. ‘मुक्तपणे काहीही काढा’ या आज्ञेत तो काच नसतो. म्हणून मूल सर्वांत सुरक्षित, पाठ झालेल्या आकाराकडे धावते.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण म्हणजे ज्वारीच्या धाटाची बैलगाडी. रब्बी ज्वारीची काढणी झाली, कडबा बांधून गंजी लागली, की मुले त्यातली जाडसर धाटे ओढून घेत. वरची साल कडक, धारदार, लवचीक. आतले भेंड पांढरे, हलके आणि इतके मऊ की टोक लावलेली साल त्यात सहज रुतते. भेंडाचे तुकडे जोडायचे आणि सालीचे खिळे करायचे, एवढ्या दोन गोष्टींवर गाडी, नांगर, चष्मा, पाळणा उभा राहतो. ना डिंक, ना दोरा. गाडीचे जू लांब झाले की गाडी पुढे झुकते. आस मधोमध नसला की चाक लंगडते. भेंडात एकाच जागी दोनदा टोचले की भोक सैल होऊन खिळा निघतो. म्हणजे टोचण्याआधी विचार करावा लागतो. तोल, प्रमाण, सांधा आणि रचना या कलाशिक्षणाच्या पुस्तकातल्या मोठ्या शब्दांचा हा अभ्यास कुणी न शिकवता व्हायचा. बोट कापायचे, तेही शिक्षणच.

पोळ्याचे मातीचे बैल हा दुसरा धडा. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळताना आक्रसून तडकते. पहिल्या वर्षीचा बैल दुसऱ्या दिवशी पाय सोडतो. मग मोठी बहीण सांगते की मातीत शेण नाहीतर बारीक भुसकट मळ, पाय आखूड आणि जाड कर. पाय आखूड केल्यावर बैल बुटका दिसतो, म्हणून वशिंड आणि शिंगे मोठी होतात. मुलांच्या मातीच्या बैलांना जो एक रुबाबदार घाट असतो, तो मातीशी झालेल्या या तडजोडीतून आलेला आहे. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, तिथेही हीच गंमत: चिमूटभर शेणातून डोके, कमर आणि डोईवरचा घडा कमीत कमी खुणांत दाखवायचा. शाळेत मात्र या हातांना आपण विचारतो, ‘तुला चित्र येतं का?’

याची मुळे जुनी आहेत. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली, तेव्हा इंग्लंडातली नमुन्यावरून रेखाटण्याची शिस्त तिच्याबरोबर आली. पुढे शालेय चित्रकलेनेही नमुना पाहून गिरवण्याचीच वाट धरली. तिकडे व्हिएन्नात याच्या उलट प्रयोग चालला होता. फ्रान्झ चिझेक हा चित्रकलेचा विद्यार्थी एका सुताराच्या घरी भाड्याने राहत होता. घरातली मुले त्याच्या खोलीत येऊन रंगांशी खेळू लागली, आणि मुलांच्या चित्राला स्वतःचे नियम असतात हे त्याच्या ध्यानात आले. १८९७ साली त्याने मुलांसाठी चित्रवर्ग उघडला. पण त्याच्या वर्गातली चित्रे पुढे एकमेकांसारखी दिसू लागली, अशीही टीका झाली. स्वातंत्र्याचाही साचा होऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात या विचाराला जमीन दिली ती बालशिक्षणाने. ताराबाई मोडक गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम करून १९४५ साली बोर्डीला आल्या. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांनाच शैक्षणिक साधने केले. सेवाग्रामला नयी तालीमच्या शाळेत १९४४पासून देवीप्रसाद यांनी हस्तव्यवसाय आणि चित्र यांच्यामधली भिंत काढून टाकली. आजच्या बालभारतीच्या प्राथमिक पुस्तकाचे ‘खेळू, करू, शिकू’ हे नाव त्याच परंपरेतले. नावातला क्रम मला फार योग्य वाटतो. वर्गात मात्र तो पुष्कळदा उलटा लागतो.

का लागतो? एक कारण परीक्षा. शासकीय रेखाकला परीक्षांचा, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा, दहावीच्या वाढीव गुणांशी संबंध जोडला गेला, आणि गुणांच्या बाबतीत लातूर किती तत्पर आहे हे सांगायला नको. या परीक्षेत ‘स्मरणचित्र’ नावाची प्रश्नपत्रिका असते. डोळ्यांनी पाहिलेले, मनात राहिलेले प्रसंग आठवून काढावेत हा तिचा हेतू. प्रत्यक्षात अनेक मुले मार्गदर्शक पुस्तकातल्या चार-पाच रचना पाठ करून जातात: पाठमोरी बाई, बसलेला म्हातारा, उडी मारणारा मुलगा. विषय बाजाराचा आला तर त्यांच्या हातात पिशवी, जत्रेचा आला तर फुगा. स्मरण आहे, पण पुस्तकाचे.

दुसरे कारण सरकारी कागदावरचे आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, आणि तोही पटसंख्या शंभरापुढे असेल तर. वाडी-तांड्यावरच्या छोट्या शाळेत हा तास भाषा-गणित शिकवणाऱ्या गुरुजींच्या वाट्याला येतो. ते फळ्यावर सोपे चित्र काढून देतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘मला स्वतःला चित्र येत नाही’ ही त्यांची अडचण खरी आहे.

पण खेळातून जाणाऱ्या वाटेवर शिक्षकाला चित्र यावे लागत नाही. एका शाळेत आम्ही मुलांना आधी वीस मिनिटे आट्यापाट्या खेळायला लावले आणि घामाघूम अवस्थेत कागद दिले. डोंगर-सूर्य एकाही कागदावर नव्हता. बहुतेकांनी पाट्यांच्या रेषा वरून पाहिल्यासारख्या काढल्या आणि खेळाडू दोन्ही बाजूंना आडवे पाडले. गुरुजी म्हणाले, ‘माणसं झोपलीत की हो.’ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांतील अशा घडीची नोंद केली आहे: मूल मैदानाच्या मध्ये उभे असते, दोन्हीकडचे गडी त्याला तितकेच जवळचे असतात. दख्खनी लघुचित्रांतही गालिचा वरून आणि माणूस बाजूने दिसतो, तिथे आपण ती शैली म्हणतो. इथे दुरुस्ती करण्याऐवजी ‘तू कुठं उभा होतास?’ एवढे विचारले तरी पुरते. त्या प्रश्नावर एका मुलीने स्वतःला इतरांच्या दुप्पट मोठे काढले, कारण शेवटची पाटी तिने ओलांडली होती.

मर्यादाही सांगायला हवी. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाला आपले चित्र खोटे वाटू लागते. हात जमत नाही म्हणून ते रबर घासत बसते आणि एक दिवस चित्र सोडून देते. या वयात ‘खेळा आणि काढा’ पुरत नाही. निरीक्षण, छायाप्रकाश, प्रमाण हे शिकवावेच लागते, आणि रेखाकला परीक्षेतले वस्तुचित्र तिथे फार उपयोगी आहे. माझी तक्रार परीक्षा सातवी-आठवीला असण्याबद्दल नसून तिची सावली दुसरी-तिसरीपर्यंत पडण्याबद्दल आहे.

आणखी एक बदल शाळेबाहेर झाला, त्याची नोंद कलाशिक्षणाच्या चर्चेत मला कुठे दिसली नाही. गेल्या तीन-चार दशकांत लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीनचे उरते ते भुसकट, त्याचा खिळा होत नाही. गोठे रिकामे झाले तसा कडबाही आटला. मुलांची सर्वांत स्वस्त कलासामग्री पीकबदलात गेली. तिच्या जागी दुकानातले ‘प्रोजेक्ट’ आले, त्यात तुकडे आधीच कापलेले असतात.

म्हणून आज धाटाच्या गाडीचे प्रदर्शन भरवून भागणार नाही. मूल आज ज्याच्याशी खेळते तिथूनच तास सुरू करावा लागेल. गेल्या वर्षी एका वस्तीशाळेत सहावीतल्या एका मुलाने औषधाच्या खोक्याचा जेसीबी केला होता. चाके बाटलीच्या टोपणांची, हात तुरीच्या तुराट्यांचा, आणि दोरा ओढला की फावडे खरोखर उघडत-मिटत होते. बैलगाडीचीच ही पुढची पिढी. आस टोपणाच्या मधोमध बसवण्यासाठी त्याने चार टोपणे वाया घालवली होती, तीही खिशात होती. मी त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने एकदा जेसीबीकडे पाहिले, एकदा गुरुजींकडे, आणि हळूच विचारले, ‘सर, ह्येच काढू का? देखावा नाही काढायचा?’