शोषखड्डा, विहीर आणि नायट्रेट



सुट्टी लागली की कतारगाममधील आपल्यापैकी अनेक कुटुंबे खानदेशात गावी जातात. भुसावळजवळून वाहणारी तापीच पुढे सुरतेला येते आणि तिचेच पाणी शुद्ध होऊन आपल्या नळाला येते. गावी मात्र पुष्कळ घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पितात आणि जवळच शौचालयाची सेप्टिक टाकी असते. या दोहोंचा संबंध कसा ओळखायचा, ते आम्ही येथे सांगत आहोत.

टाकीत गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. इकडे त्याला खाळकुवा म्हणतात. या पाण्यात अमोनिया असतो. हवा खेळत्या मातीतील जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. माती बरेचसे रोगजंतू अडवते, पण नायट्रेट अडवत नाही. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे ते मातीला न चिकटता पाण्याबरोबर खाली झिरपते.

पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याला रंग नाही, वास नाही. धोका मुख्यतः सहा महिन्यांच्या आतील बाळांना, विशेषतः वरच्या दुधात असे पाणी मिसळले तर. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन बाळ निळसर पडते. अमेरिकेतील डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध दाखवला. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि क्लोरीनचाही येथे उपयोग नाही.

आता थोडे गणित करू. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे ४ किलो नायट्रोजन बाहेर पडतो. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते जवळजवळ १८ किलो होईल. ते मर्यादेत राहण्यासाठी सुमारे ४ लाख लिटर पाणी मिसळावे लागेल, म्हणजे पाच माणसांच्या घराला २० लाख लिटर. समजा, पावसाचे १०० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरते. मग एवढे पाणी मिळण्यास ५ एकर जमीन लागेल! निम्मे नायट्रोजन गाळात आणि वाटेत संपले तरी अडीच एकर. म्हणून शेतातल्या एकट्या घराची टाकी फारशी त्रास देत नाही, पण भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत प्रश्न उभा राहतो.

तरीही नायट्रेट सापडले की लगेच टाकीला दोष देऊ नये. युरिया आणि शेणखतातूनही ते येते. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात.

१. भूजल ज्या दिशेने वाहते तिकडे, वस्तीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही विहिरींचे नमुने घ्यावेत. वरची चांगली आणि खालची खराब असेल, तर कारण मधल्या वस्तीत असण्याचा संभव मोठा.

२. नायट्रेटबरोबर क्लोराईड आणि जिवाणूही तपासावेत. आपण खाल्लेले मीठ सांडपाण्यात उतरते, म्हणून तिन्ही वाढलेले असतील तर संशय टाकीवर येतो. मात्र केळीला म्युरेट ऑफ पोटॅश घातले असल्यास त्यातूनही क्लोराईड येते, हे लक्षात ठेवावे.

३. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, असे दोनदा तपासावे. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये.

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. नमुना स्वच्छ बाटलीत, थंड ठेवून लवकर पोचवावा. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी घ्यावी.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा. त्याने जंतूंपासून रक्षण होते, पण नायट्रेट त्याहून पुढेही जाते. अहवालात प्रमाण जास्त आले तर बाळासाठी दुसऱ्या सुरक्षित स्रोताचे किंवा नीट चालणाऱ्या आर. ओ. यंत्राचे पाणी वापरावे. गावात गटार योजना आल्यास टाकी तिला जोडून घ्यावी.

आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे की, या सुट्टीत आपल्या गावच्या विहिरी आणि शोषखड्डे यांचा साधा नकाशा काढून, पावलांनी अंतर मोजून आणावे. विश्वस्तांनी आणि पालकांनी त्यातल्या काही विहिरींच्या तपासणीचा खर्च उचलला, तर मुलांचा अभ्यास होईल आणि गावच्या तान्ह्या बाळांचे रक्षणही होईल.