गाडीतला गारवा आणि गळतीचा हिशेब

वणी तालुक्यातील राजूर येथे कोळशाची खाण आहे, चुन्याच्या भट्ट्या आहेत आणि या दोन्ही मालांची ने-आण करणारे ट्रक आहेत. वैशाखात विदर्भाचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि रस्त्यावरची काळी-पांढरी धूळ गाडीच्या काचांवर थर धरते. काच खाली करण्याची सोय नसते. गाडीत पारण्याला आलेली वर्षीतपाची तपस्वी आजी असेल, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारे आजोबा असतील आणि भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाच्या दर्शनाला निघायचे असेल, तर गाडीतील वातानुकूलनाला चैन म्हणणे अवघड जाते.

नेमक्या अशा वेळी गार हवा येईनाशी होते. गॅरेजमध्ये बॉनेट उघडले जाते आणि ‘गॅस संपला’ असे निदान होते. साध्या मोटारीत गॅस भरण्यासाठी साधारण दीड ते तीन हजार रुपये मोजले जातात. हवा गार होते, मालक समाधानाने परततो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच दारात उभा राहतो. दुकानातील मालात शेरभर घट आली तर कारण सापडेपर्यंत स्वस्थ न बसणारे व्यापारी कुटुंब ही वार्षिक घट मात्र मुकाट्याने खर्ची टाकते, हे नवल आहे.

वस्तुतः हा गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागील कॉइलमध्ये त्या द्रवाची पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते. जोडावरील रबरी कड्यांतून वर्षानुवर्षे किंचित झिरपा होतो, तो चालायचाच. परंतु एका वर्षात गारवा नाहीसा होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. कडे कडक झाले असेल, कॉम्प्रेसरचे सील गेले असेल किंवा खडीचा तुकडा कंडेन्सरला लागला असेल. कॉम्प्रेसरचे वंगणतेलही गॅसबरोबर फिरते आणि गळतीतून थोडेथोडे निघून जाते. ते कमी पडून कॉम्प्रेसर बसला, तर खर्च गॅसच्या अनेक पट होतो.

राजूरसारख्या ठिकाणी आणखी एक शक्यता आधी तपासली पाहिजे. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत धूळ भरली की उष्णता बाहेर पडत नाही आणि गॅस पुरेसा असूनही हवा कोमट येते. केबिन फिल्टर तुंबला तर झोत मंदावतो. या दोन्हींची सफाई थोडक्या पैशांत होते. निदान न करता वरून गॅस भरला, तर नळ्यांतील दाब वाढतो, गारवा आणखी घटतो आणि कॉम्प्रेसरवर नाहक ताण येतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारपूस करावी. गळती शोधली का? पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओल काढली का? या कामाला अर्धा तास तरी लागतो. ओल राहिली तर आत आम्ल तयार होऊन धातू खातो. गॅस वजनाने भरला की केवळ घड्याळाचा काटा पाहून? बॉनेटखालील चिठ्ठीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. अनेक लहान गाड्यांत ते पाचशे ग्रॅमच्या आसपास असते. ज्यांचे आयुष्य तराजूपुढे गेले, त्यांनी इथेही काटा पाहायला संकोचू नये.

हिशेबाची दुसरी बाजू धर्माची आहे. आज रस्त्यावरील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. ओझोनच्या थराला घातक ठरलेल्या आर-१२ च्या जागी तो आला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने आर-१२ टप्प्याटप्प्याने सोडला. नवा गॅस ओझोनला इजा करत नाही, परंतु शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. पाचशे ग्रॅम गॅस हवेत गेला, तर सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होतो. एवढ्या पेट्रोलवर लहान मोटार साडेचार हजार किलोमीटर धावेल. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांचा निष्प्रयोजन आरंभ तिच्यात येतो. प्रवासासाठी जाळलेल्या इंधनामागे काही प्रयोजन तरी असते. गळक्या नळीतून सुटलेल्या गॅसमागे कोणतेही नसते.

पुढे हा खर्च वाढण्याचाच संभव अधिक. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून २०३२ पासून या वर्गातील गॅसचा वापर आपल्याकडे क्रमाने घटवायचा आहे. युरोपात नव्या मोटारींसाठी आर-१२३४वायएफ हा सौम्य गॅस रुळला आहे, पण त्याची किंमत कितीतरी जास्त आहे आणि तो जुन्या गाडीत सहज भरता येत नाही.

दुरुस्तीच्या वेळी नळीत उरलेला गॅस झडप सैल करून हवेत सोडण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. तो ओढून, गाळून पुन्हा भरणारे यंत्र मिळते. वणी, चंद्रपूर किंवा नागपूरला काम करून घेताना त्याची चौकशी आधी फोनवर करावी. आणि पौषातल्या थंडीतही महिन्यातून दोनदा दहा मिनिटे वातानुकूलन चालू ठेवावे. त्यामुळे तेल फिरते आणि सील कोरडे पडत नाही.