नाव तापीचे, वाट कातळाची

नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे धुळे–सुरत महामार्गावरील गाव तापीच्या खोऱ्यात येते. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला पुराणांनी सूर्यकन्या मानले असून, मुलताई हे नावही ‘मूलतापी’वरून आल्याचे सांगितले जाते. इंग्रजी कागदपत्रांत तिची ‘ताप्ती’ झाली आणि १९१५ मध्ये सयामचे राजे सहावे राम यांनी आपल्या देशातील एका नदीला ‘तापी’ व तिच्या काठच्या शहराला ‘सुरत थानी’ असे नाव दिले. नाव समुद्रापलीकडे गेले, पण पाण्याला मात्र खडक देईल तीच वाट घ्यावी लागते.

द्वीपकल्पातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना तापी पश्चिमेला वळते, याचे कारण खचदरी, म्हणजे भूकवचातील भेगांच्या दरम्यानचा भाग खाली बसून तयार झालेली दरी. नंदुरबार–धुळे पट्ट्यात याखेरीज दुसरे नियंत्रण आहे, ते ‘डाइक’चे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस उभ्या भेगांत शिरून थिजला आणि त्याच्या भिंती झाल्या. अशा दोनशेहून अधिक भिंतींचे मोजमाप झाले असून त्यांची जाडी ३ ते ६२ मीटर, तर सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरची आहे. भिंतीच्या कडांकडून थंड होत गेल्याने तिच्यात तयार झालेले कातळाचे खांब आडवे पडतात आणि जवळून पाहिल्यास सरपणाची मोळी रचून ठेवल्यासारखे दिसतात. या भिंती साधारणपणे पूर्व–पश्चिम असल्यामुळे दक्षिणेकडील डोंगरांतून तापीकडे उतरणारा ओढा आडव्या कातळाशी अडतो, पायथ्याने सरकतो आणि एखादी फट सापडली की एकदम वळून पलीकडे जातो.

गाळाच्या जमिनीत वाट बदलण्याचे हेच काम सोपे असते. वळणाच्या बाहेरच्या काठावर वेग अधिक असल्याने तो काठ ढासळतो, आतल्या काठावर वाळू साचते आणि पात्र वर्षागणिक सरकते. कातळात तेवढ्याच बदलाला हजारो वर्षे लागतात. माणसाने मात्र तो एका पिढीत घडवला. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणामुळे तापीचे जुने पात्र लांबवर पाण्याखाली गेले आणि नवापूरची रंगावली नदी आज वाहत्या तापीऐवजी जलाशयाला मिळते.

मोठ्या नद्यांची नावे ग्रंथांनी आणि नकाशांनी जपली, परंतु लहान ओढ्यांची नावे मावची, भिली, कोकणी बोलणाऱ्यांच्या तोंडीच आहेत. परिसरातील शाळांनी ती गावातील वडीलधाऱ्यांना विचारून, पात्राच्या आजच्या वाटेसह, वहीत उतरवून ठेवावीत.