गुडघ्यांतलें वंगण

घरांतील वडीलधाऱ्या मंडळींपैकीं कोणी देवघरांतून उठतांना भिंतीचा आधार घेऊं लागलें, कीं "गुडघ्यांतलें वंगण संपलें" हें निदान ठरलेलेंच. उपमा जुनी आहे. तेल घातलेल्या आंसावर चाक जसें सुखानें फिरतें, तसे कफयुक्त सांधे चालतात, असें सुश्रुताचार्यांनीं सांगितलें आहे. परंतु येथें झिजतो तो आंस! वंगणाचा द्रव तर सुजलेल्या गुडघ्यांत पुष्कळदां अधिकच असतो.

हाडांच्या टोकांवर दोन-चार मिलिमीटर जाडीचें, गुळगुळीत असें कूर्चेचें आवरण असतें. त्यांत ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतु. बहुतांश पाणीच, तें कोलॅजनच्या तंतूंच्या जाळ्यांत धरलेलें. पेशी अगदीं विरळ. त्यांचें पोषण होतें तें सांध्यांतील द्रवावर. पाऊल टाकलें कीं पाणी दाबून बाहेर पडतें, उचललें कीं पुन्हां आंत शिरतें. तेव्हां आजीबाईंना "आतां बसूनच राहा" असें बजावणें (वैद्यांची तशी आज्ञा नसतां) किती चुकीचें, तें ध्यानांत येईल.

कातडी कापली तर भरते, हाड मोडलें तर सांधतें. नष्ट झालेली कूर्चा मात्र पूर्ववत् होत नाहीं, असें विल्यम हंटर यांनीं सन १७४३ मध्येंच नमूद केलें होतें. याचा विलक्षण पुरावा सन २०१६ मध्यें डेन्मार्कमधील संशोधकांनीं दिला. सन १९५५ ते १९६३ या काळांतील अणुबाँबच्या चांचण्यांनीं हवेंतील किरणोत्सर्गी कार्बन वाढला व अन्नावाटे सर्वांच्या शरीरांत गेला. तो मोजतां आढळलें कीं, गुडघ्याच्या कूर्चेंतील कोलॅजन प्रौढपणीं जवळजवळ बदलतच नाहीं. संहाराच्या अस्त्रानें शरीराची जन्मपत्रिका मांडावी, हा काय योग! म्हणजे सत्तराव्या वर्षीं आपण चालतों तें शाळेच्या वयांत विणलेल्या वस्त्रावर.

मग नवें विणतां येईल काय? स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें ब्रिटबर्ग, पीटरसन प्रभृतींनीं रोग्याच्याच निरोगी कूर्चेच्या पेशी काढून दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेंत वाढविल्या, आणि व्रणावर अस्थिवेष्टनाचें ठिगळ शिवून त्याखालीं सोडल्या. सन १९९४ मध्यें त्यांनीं २३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडाच्या टोकाशीं व्रण असलेल्या १६ जणांपैकीं १४ जणांस दोन वर्षांनंतर चांगला गुण होता. वाटीच्या व्रणाच्या ७ जणांपैकीं अवघ्या दोघांस. हे व्रण मर्यादित होते. सबंध सांधाच झिजलेल्या आजीबाईंसाठीं ही कृति नव्हे. दुखणें असह्य झालें तर त्यांस अद्याप धातूचा व प्लॅस्टिकचा सांधाच बसवावा लागतो.